शिक्षणमंत्री साहेब, पालक फक्त सहीपुरतेच का?

मा. शालेय शिक्षण मंत्री साहेब, सप्रेम नमस्कार.

परवा पोरीच्या हायस्कूलला पालकसभा झाली. सकाळी 11 वाजता, ऐन कापूस वेचणीत. वेचणीचे पैसे किलोवर मिळतात, त्यामुळे त्या दिवसाची मजुरी बुडाली ती बुडालीच. एवढं करून गेले तर काय, अपार आयडीच्या (पोरांच्या सरकारी ओळख क्रमांकाच्या) संमतीवर सही करा, आधार अपडेट करा, आणि शेवटी एक सर माईकवर म्हणाले की नववीच्या पोरांना धड वाचता येत नाही कारण पालकांचं लक्ष नाही. डोक्यात तिडीकच गेली साहेब.

माझी पोरगी सातवीपर्यंत गावातल्या जिल्हा परिषद शाळेत होती. तिथले गुरुजी दर शनिवारी एक पुस्तक घरी द्यायचे आणि आम्हाला सांगायचे, तुम्हाला वाचता येत नसलं तरी चालेल, पोरगी वाचेल, तुम्ही ऐका आणि मग पुढे काय झालं ते विचारा. बस एवढंच. माझ्या सासूबाईंनी शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, पण जेवणं झाली की त्याच आधी म्हणायच्या "आन वं तुनं पुस्तक". पोरगी वाचायची, मधेच थांबून अहिराणीत समजावायची, आजी असले उलटे प्रश्न विचारायची की पोरीला मागचं पान परत वाचावं लागायचं. यालाच पालकांचा सहभाग म्हणतात ना तुमच्या जीआरमध्ये?

आठवीला तालुक्याच्या शाळेत घातलं आणि सगळं बंद. पुस्तकं आहेत, पण कपाटात, कपाटाला कुलूप, चावी क्लार्ककडे. ग्रंथपाल नाही, ते पद पटसंख्येवर ठरतं म्हणे. पोरगी सकाळच्या एसटीने जाते (अहिल्याबाई होळकर योजनेचा फुकट पास आहे, त्याबद्दल आभार, खरंच), अंधार पडता येते आणि गाईडमधली उत्तरं पाठ करत झोपते. आजी विचारते तर म्हणते आता तसली पुस्तकं नसतात.

गेल्या वर्षी 15 ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिनाला तुमच्याच खात्याचे एक साहेब आले होते. म्हणाले दिवाळीनंतर दर आठवड्याला प्रत्येक दप्तरात एक पुस्तक घरी जाईल आणि पालकांची वेगळी वाचनसभा होईल. टाळ्या आम्हीच वाजवल्या. दुसरी दिवाळी गेली, पुस्तक कुठाय?

असर म्हणून खेड्यातल्या पोरांचं वाचन तपासणारी पाहणी असते, तिचा 2022 चा अहवाल सांगतो की देशातल्या खेड्यांत आठवीच्या शंभरातल्या तीस पोरांना दुसरीचा उतारा वाचता येत नाही, आमच्याकडे नीट मोजलं तर याहून वाईट निघेल, लिहून घ्या. तुमची वाचायला-मोजायला शिकवायची निपुण भारत मोहीम तिसरीपर्यंत. नंतर काय, पोरं देवाच्या भरवशावर वाचतात? शिक्षण हक्क कायद्यात शाळा समितीत पंच्याहत्तर टक्के पालक हवेत, त्यात निम्म्या बाया. आहोत की आम्ही! रजिस्टर घरी येतं, सही घेऊन जातं.

मास्तरांना तरी काय बोलणार, ते बीएलओ बनून मतदार याद्या करतात, उरलेला वेळ ऑनलाइन माहिती भरतात. 2024 ला अमळनेरला साहित्य संमेलन झालं, साने गुरुजींनी जिथे पोरं शिकवली त्या गावात, केवढा तो मंडप, केवढी भाषणं, त्या खर्चात आजूबाजूच्या किती हायस्कूलची कपाटं भरली असती हा हिशोब कुणी मांडला का? कापूस खरेदी केंद्रावर नेला तर ओलावा जास्त, पोरगी शाळेत घातली तर पालकांचं लक्ष कमी, दोष फिरून आमच्यातच. तुमची पोरं कुठल्या शाळेत शिकली ते विचारत नाही, जाऊ द्या.

मागणं मोठं नाही. कपाट उघडा, पुस्तक घरी येऊ द्या, आणि पालकसभा संध्याकाळी आमच्या गावात घ्या, पारावर घेतली तरी चालेल, आम्ही येतो, म्हातारीला पण घेऊन येतो.

शाळेचं नाव मुद्दाम टाकलेलं नाही. तुमच्याकडे आलेलं पत्र "योग्य कार्यवाहीसाठी" म्हणून जिल्ह्याला, तिथून तालुक्याला आणि तिथून त्याच हेडमास्तरांच्या टेबलावर येतं, आणि मग खुलासा माझ्या पोरीला वर्गात उभं करून मागितला जातो.

एक आई,
पारोळा तालुका, जि. जळगाव