विहिरीवर ३२ पोरं आणतेय

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

हे फोनवरच सांगितलं असतं. पण बाबा फोन स्पीकरवर टाकतात आणि माझं अर्धं बोलणं व्हायच्या आत आई विचारते, डाळ किती भिजत घालू? म्हणून लिहितेय. मेच्या १० तारखेला, रविवारी, आपल्या विहिरीवर ३२ पोरं घेऊन येतेय.

झालंय असं, यंदा माझा वर्कलोड भरत नव्हता, म्हणून पहिल्या वर्षाचा 'पृथ्वी आणि अवकाश' हा ऐच्छिक विषय माझ्या गळ्यात पडला. निम्मी पोरं कॉमर्सची, क्रेडिट पदरात पडावेत म्हणून आलेली. पहिल्याच तासाला मी फळ्यावर ६ कोटी ६० लाख असं लिहिलं, तर मागून एकानं विचारलं, "मॅडम, कशाचं बजेट?" आपल्या सह्याद्रीच्या दगडाचं वय ते! हसले मी, पण रात्रभर डोक्यात राहिलं. एवढे मोठे आकडे या पोरांनी पैशातच ऐकलेत. काळ म्हणून ते दाखवायचे कुठे? तेव्हा विहीर आठवली.

बाबा, दुष्काळानंतर, ७३ साली तुम्ही ती खणलीत. माती गेली, मुरूम गेला आणि काळा पाषाण लागला. महिनाभर सुरुंगाचे बार काढले, आईच्या पाटल्या त्यातच गेल्या. मग हातभर तांबडा गेरूचा पट्टा लागला आणि तुम्ही गड्यांना म्हणालात, "आता थांबायचं नाही, खाली मांजऱ्या असणार." मांजऱ्या लागला, आणि सातव्या परसाला पाणी. ही गोष्ट मी इतक्यांदा ऐकली होती की बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला सुट्टीत आले तेव्हा तुम्हाला मध्येच तोडून म्हणाले, "मांजऱ्या काय, अमिग्डॅलॉइडल बेसाल्ट म्हणतात त्याला." तुम्ही काही बोलला नाहीत. उठून बैलांना वैरण टाकायला गेलात. इतकी वर्षं मला ते टोचतंय.

कारण तुमचं बरोबर होतं आणि का बरोबर होतं ते मी आता दर वर्षी शिकवते. आपला सह्याद्री ज्याचा झाला तो लाव्हा एकदाच आला नाही, थरावर थर येत गेले. थराच्या माथ्याशी वायूचे बुडबुडे अडकतात, म्हणून तिथला दगड भोकाभोकांचा, तुमचा मांजऱ्या. मधला भाग सावकाश थिजतो, तो काळा पाषाण. एक थर निवला आणि पुढचा यायला उशीर झाला, तर मधल्या काळात वरचा दगड कुजून माती होते. मग नवा लाव्हा ती भाजून काढतो. तोच गेरू. म्हणजे गेरूखाली जुन्या थराचा भोकाभोकांचा माथा असणारच. तुम्ही हे लाव्हाचं नावही न घेता ओळखलंत. पोरांना तो पट्टा तुम्हीच दाखवायचा, तुमच्याच शब्दांत. मी बाजूला उभी राहीन.

आई, तुळशीपाशी तू ठेवलेला पांढरा चकाकता दगड आहे ना, विहिरीतून निघालेला? त्याच भोकांत नंतर पाणी मुरून तयार झालेला झिओलाइट आहे तो. घासणीनं घासू नकोस. आणि लहानपणी तू मला चांदोबावरचा ससा दाखवायचीस, तो ससाही बेसाल्टचाच, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणाच्याच जातीचा, लाव्हा वाहून थिजलेली काळी मैदानं. १९६९ मध्ये अपोलो ११ तिथलेच दगड घेऊन आलं. आपल्या विहिरीतल्या दगडाचा फार जुना चुलता म्हण.

१० तारीख मुद्दाम धरली आहे. त्या सुमारास सूर्य आपल्या बरोबर डोक्यावर येतो. बाबा म्हणतात ना, वैशाखात सूर्य विहिरीत उतरतो, तेच. फक्त बाराला नाही हं, साडेबाराच्या सुमारास, कारण आपली घड्याळं पार अलाहाबादकडच्या रेखांशावर लावलेली. इजिप्तमध्ये इरॅटोस्थेनिस या जुन्या ग्रीक पंडिताचीही अशीच एक विहिरीची गोष्ट सांगतात. सायनी गावी सूर्य विहिरीच्या तळाशी दिसायचा, त्याच दुपारी अलेक्झांड्रियात मात्र सावली पडायची, वर्तुळाच्या पन्नासाव्या हिश्श्याएवढ्या कोनाची. दोन गावांतलं अंतर गुणिले पन्नास, झाला पृथ्वीचा घेर. कॉमर्सच्या पोरांना हा हिशेब जमेल.

जेवणं झाली की आईनं भूकंपाचं सांगायचं. ११ डिसेंबर १९६७ ची पहाट, तू चौदा वर्षांची, भांडी कशी पडली, पुढे किती रात्री अंगणात काढल्या, सगळं. धरणाच्या पाण्यानं भूकंप होऊ शकतो, याचं उदाहरण म्हणून जगभर कोयनेचं नाव घेतात. तिथे ३ किलोमीटर खोल भोकही पाडलंय. साधारण सव्वा किलोमीटर आपलाच काळा दगड, मग खाली ग्रॅनाइट. पण थंडीत अंगणात झोपलेल्या पोरीला काय वाटलं, ते भोकातून निघत नाही.

पोरं डबे आणणार आहेत. आई, पुरण घालशील तर मी बोलणार नाही. ताक आणि भडंग पुष्कळ झालं.

बाबा, कठड्याचा निखळलेला दगड तेवढा बसवून घ्या. पायऱ्यांवर सहा-सहा जणच सोडीन. तुम्ही काठावर खुर्ची टाकून बसायचं, उतरायचं नाही. आणि शनिवारी वीज असेल तेव्हा मोटर चालवून ठेवा. पाणी हातभर खाली गेलं तरच गेरू उघडा पडेल.

तुमची,
सुमी