कंपनीची बस सुटली की दोस्तीही सुटते का?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सेंड ऑफच्या दिवशी केक कापताना सगळेच म्हणतात टचमध्ये राहू, भेटत जाऊ. वर्षभरात कुणी कुणाला फोन करत नाही, आणि मग आपण सरसकट म्हणून मोकळे होतो की ऑफिसची दोस्ती कामापुरतीच. मला हे अर्धंच पटतं म्हणून लिहितेय.

मी बुटीबोरीच्या एका कंपनीत अकाउंट्सला होते, मागच्या वर्षी सोडली. सुरुवातीला इतके फोन यायचे की घरचे विचारायचे, तू खरंच सोडली ना नोकरी? पण सगळे फोन "मॅडम ती जीएसटीची फाईल कुठंय" नाहीतर "त्या पार्टीचं पेमेंट काहून अडवून ठेवलं होतं" असेच. माझ्या जागी आलेली मुलगी कामाला रुळली आणि फोन बंद. ऑफिसच्या ग्रुपमधून शेवटच्या दिवशी संध्याकाळीच काढलं, ते ठीक आहे, नियम असतो, पण आमचा जेवणाच्या टेबलाचा वेगळा ग्रुप होता तोही गप्प झाला, नंतर कळलं की मला सोडून दुसरा बनवलाय. राग आलाच. पण बघा ना, डबा खाताना आम्ही बोलायचो काय तर साहेब, इन्क्रिमेंट आणि कुणाचं प्रमोशन कसं झालं. त्या साहेबाशी मला आता काय देणंघेणं, आणि मी लागले ती कंपनीही त्याच धंद्यातली, मग माझ्यासमोर आतलं बोलायला ते कचरणारच.

टिकली ती बसमधली मैत्री. स्टोअर्समधल्या एक ताई माझ्यासोबत छत्रपती चौकातून चढायच्या. ऑफिसात आमचं एकमेकींशी कामच पडायचं नाही, पण वर्धा रोडवर जाता-येता त्यांच्या सासूबाईंचे गुडघे, माझ्या पोराची अकरावीची अ‍ॅडमिशन, कोणत्या पिठाच्या पोळ्या कडक होतात, सगळं बोलून व्हायचं. त्यांचा फोन आजही येतो, "काय करून राहिली वं?" आणि त्यापुढे काम काहीच नसतं.

अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठाचे जेफ्री हॉल यांचं २०१८ मधलं एक संशोधन आहे. ओळखीतून साधी मैत्री व्हायला साधारण ५० तास लागतात आणि जिवाभावाची व्हायला २०० च्या वर, पण नुसतं सोबत काम करण्यात गेलेले तास त्यात फारसे कामी येत नाहीत म्हणे. म्हणजे आमच्या खटारा बसनं जे केलं ते एसी ऑफिसला जमलं नाही.

सरकारी पेन्शनवाल्यांचं बरं असतं, नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला बँकेत गेलं की जुने चार जण भेटतात. प्रायव्हेटवाल्यांना असं निमित्तच नाही. आतले समजतात की हिला चांगली नोकरी लागली, आता कशाला विचारते, बाहेरची समजते की हे विसरले, आणि दोघंही फोनकडे बघत बसतात. माझं स्पष्ट मत आहे की पहिला फोन आतल्यानंच करावा. बाहेरच्यानं केला की समोरच्याला आधी वाटतं, हिचं पीएफचं काही अडलं असेल, नाहीतर नोकरीसाठी रेफरन्स पाहिजे असेल. मला एकीनं "बोल, काय काम होतं?" असंच विचारलं, मग मीही फॉर्म १६ चं विचारून ठेवून दिला.

त्या ताईंनी आणि मी मिळून आता थंडीत रोडग्यांची पार्टी ठरवलीय, कळमेश्वरकडे त्यांच्या भावाच्या शेतावर. बसमधल्या जुन्या सगळ्यांना बोलावलंय, सोडून गेलेल्यांना आणि अजून तिथंच असलेल्यांनाही. साहेबाचा विषय काढणाऱ्यानं भांडी घासायची एवढं ठरलंय, वांग्याची भाजी कोण करणार यावरून मात्र अजून वाद चालू आहे.

– एक वाचक, त्रिमूर्तीनगर, नागपूर