ओमच्या उपचारांबद्दल आई-नानांना पत्र

ती. आई आणि नाना,
सा. नमस्कार.

केळीचे पैसे हातात आले की ओमचा ऑटिझम (स्वमग्नता) बरा करायला त्याला मुंबईला नेऊन स्टेम सेलची, म्हणजे मूळ पेशींची, इंजेक्शनं द्यायची, असं दादा फोनवर म्हणाला. नातवावर तुमचा किती जीव आहे ते मला ठाऊक आहे, म्हणून स्पष्टच लिहिते. हे करू नका.

यात मुलाला गुंगी देऊन कमरेच्या हाडातला मगज काढतात आणि त्यातल्या पेशी पाठीच्या मणक्यात सुई घालून सोडतात. ऑटिझमला त्याचा उपयोग होतो, असा भरवशाचा पुरावा नाही. आयसीएमआरच्या, म्हणजे सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०१७ च्या सूचनांप्रमाणे रक्ताच्या ठरावीक आजारांसारखे मोजके उपचार सोडले, तर स्टेम सेल फक्त मंजूर संशोधन-चाचणीतच वापरता येतात. कोणी चेलेशन, म्हणजे औषधाने अंगातले धातू बाहेर काढणं, सुचवलं तर तिथून सरळ उठा. २००५ मध्ये अमेरिकेत ५ वर्षांचा एक मुलगा त्यात दगावला, रक्तातलं कॅल्शियम एकदम उतरलं म्हणून. आणि ऑटिझमचा आळ गोवराच्या लसीवर घेणारा १९९८ चा लेख तो छापणाऱ्या वैद्यकीय नियतकालिकानेच २०१० मध्ये मागे घेतला, तेव्हा धाकटीची लस चुकवू नका.

पैशांपेक्षा मला दुसरंच टोचतं. सुई ओमच्या पाठीत जाणार, आणि त्याला नाही म्हणता येत नाही. हात फडफडवल्याने त्याचं काही दुखत नाही. लग्नात चारचौघं बघतात म्हणून आपण अवघडतो. आपलं अवघडलेपण घालवायला त्याला दुखवणं मला पटत नाही. फिट, बद्धकोष्ठ, किडलेला दात, रात्र-रात्र झोप नसणं हे मात्र त्याचे हाल आहेत, आणि त्यावर इलाज झालाच पाहिजे. तो डोकं आपटायला लागला की रागावण्याआधी कान, दात आणि पोट तपासून घ्या. फिटची गोळी मनाने बंद करू नका. डॉक्टरांनी रिस्पेरिडोन दिली, तर तिने चिडचिड कमी होते, ऑटिझम जात नाही; भूक आणि वजन वाढतं, म्हणून दर महिन्याला वजन लिहून ठेवा.

आता खरं काम. त्याला न बोलताही मागता यावं म्हणून त्याच्या रोजच्या वस्तूंचे फोटो काढा: त्याचाच स्टीलचा पेला, कूलर, भाकरी, झोका. तळहाताएवढी कार्डं करून लॅमिनेट करा. सुरुवातीला दोनच ठेवा, एक आवडीचं आणि एक नावडीचं. त्याने पेल्याचं कार्ड हातात दिलं की लगेच पाणी द्या. आई, इथेच बहुतेक घरांचं चुकतं. “आधी पाणी म्हण, मग देते” असं अडवलं की मूल कार्ड टाकून देतं आणि परत ओरडायला लागतं. कार्डांमुळे बोलणं खुंटतं, ही भीती काढून टाका. कार्डं कपाटात नकोत. ओट्यावर, त्याचा हात पोचेल तिथे टांगा. “बास” आणि “नको” ही दोन कार्डं लवकर आणा, आणि त्याने “नको” दिलं की खरंच थांबा.

नाना, कागदपत्रांचं तुम्ही मनावर घ्या. यूडीआयडीचा, म्हणजे दिव्यांग ओळखपत्राचा, अर्ज ऑनलाइन भरून जळगावला सिव्हिलमध्ये तपासणी होईल. तिथे ४० प्रश्नांची मोजणी असते, प्रत्येकाला १ ते ५ गुण. लाजेपोटी त्रास कमी सांगू नका, नाहीतर टक्के कमी पडतात; बहुतेक सवलतींना किमान ४० टक्के लागतात. निरामय या सरकारी आरोग्य विम्यात वर्षाला १ लाखापर्यंत खर्च मिळतो, थेरपीचाही. ओम १८ चा झाल्यावर त्याच्या कायदेशीर पालकत्वाचा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे करावा लागेल. त्यासाठीचा नॅशनल ट्रस्ट कायदा १९९९ चा आहे. आपल्यामागे त्याचं कोण, हा तुमचा घोर मला कळतो. त्याची तजवीज या कागदांनी होते.

कानबाईच्या सणाला, रोटांना, घर पाहुण्यांनी भरतं. मागची खोली त्याच्यासाठी मोकळी ठेवा, आत त्याची गोधडी आणि कार्डं असू द्या. वाजंत्री यायच्या आधीच त्याला तिकडे न्या, रडायला लागल्यावर नव्हे. तो पाया पडायला आला नाही, तर कोणी ओढून आणू नये, हे आत्यांना आई तूच सांग.

तुमची,
माई