अण्णा, बोल्टच्या त्या नटांसाठी

अण्णा, नमस्कार.

परवा संध्याकाळी वळवाचा पाऊस आला तेव्हा मी एमआयडीसीत दुसऱ्या पाळीला होते. घाबरत घाबरत घरी फोन लावला. मागे पत्र्यावर गारांचा ताशा वाजत होता आणि आई म्हणाली, "तू तुझं काम कर. आभाळ भरलं तेव्हाच चारी खिडक्यांना अण्णांच्या फळ्या लावल्यात मी." टॉवेलच्या गठ्ठ्याजवळ उभ्या उभ्या रडले मी. म्हणून हे पत्र.

"सोलापूरला कसलं वादळ?" हे मी फार ऐकलंय. २०२० च्या ऑक्टोबरात आंध्रात काकिनाड्याजवळ जमिनीवर आलेलं कमी दाबाचं वादळी क्षेत्र दुसऱ्या दिवशी आपल्याच डोक्यावरून गेलं होतं, आणि वैशाखातलं वारं तर दरवर्षीचंच. खिडक्यांच्या कामाला तुमच्याआधी तिघं झाले. पहिल्यानं ॲडव्हान्स घेतला आणि दोन महिने फोन उचलला नाही. दुसऱ्यानं खिडक्यांवर कायमचे पत्रे ठोकले. एप्रिलच्या उन्हात आई त्या भट्टीत आठ दिवस राहिली. शेवटी मीच ते उचकटले. तिसरा म्हणाला, काचेला चिकटपट्टी लावा. चिकटपट्टीनं काच फुटायची थांबते का हो?

तुम्ही मात्र आधी छत बघितलंत. खिडकी फुटून वारं आत शिरलं की पत्रा खालून उचलतं, हे तुम्ही सांगेपर्यंत आम्हाला ठाऊक नव्हतं. पन्हळी पत्र्याच्या अरुंद फळ्या केल्यात, एकीची कड दुसरीवर येणाऱ्या. वर चॅनेलमध्ये सरकवायच्या, खाली भिंतीतल्या बोल्टवर बसवून नट आवळायचे. पाऊस गेला की काढून पलंगाखाली.

पण आभार त्याचे नाहीत. त्याचे पैसे तुम्ही घेतलेत, आणि रास्त घेतलेत.

त्या दिवशी आईनं नट फिरवून बघितला आणि तिला तो फिरेना. चाळीस वर्षं विड्या वळल्यात तिनं, अंगठा आणि पहिलं बोट आता सरळ होत नाही. ती ओशाळून म्हणाली, "पोरगी आल्यावर लावेल." तुम्ही तिच्या हाताकडे बघितलंत, काही बोलला नाहीत. सगळे नट काढून खिशात टाकलेत आणि गेलात. मला वाटलं, हाही गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रत्येक नटाला बोटभर सळी आडवी वेल्ड करून आणलीत, टोकं कानशीनं घासून गुळगुळीत केलेली. आता तळहातानं ढकललं तरी नट फिरतो. मग उंबऱ्यावर बसून राहिलात, आईनं सगळे नट स्वतः लावून, काढून, पुन्हा लावेपर्यंत. एकदाही हात पुढे केला नाहीत. पैसे विचारले तर म्हणालात, "सळीचे तुकडे दुकानात पडूनच होते."

आईला "तुम्हाला जमणार नाही" असं सगळेच सांगतात, मीसुद्धा. तुम्ही नट बदललात.

गल्लीतल्या दोघींनी काल येऊन फळ्या बघितल्या. त्यांचीही बोटं आईसारखीच झालीत. रविवारी माप घ्यायला याल का?