बॉनेट कापल्याने इंजिन थंड होते का?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

उन्हाची ताप वाढू लागली की उद्यमनगरपासून शिरोलीपर्यंतच्या गॅरेजांमध्ये एक मागणी हमखास येते. पिकअप किंवा जीपच्या बॉनेटवर शोभेसाठी जो स्कूप (वारा घेण्यासाठी पुढे तोंड असलेला उंचवटा) चिकटवलेला असतो, त्याच्या खालचा पत्रा कापून तो ‘चालू’ करून द्यावा, म्हणजे आत थेट वारा शिरेल आणि घाटात गाडी गरम होणार नाही, असे गाडीमालकांचे म्हणणे असते. मोठे ट्रक आता बहुतेक सपाट तोंडाचे असल्याने त्यांना हा प्रश्न पडत नाही. परंतु गगनबावडा किंवा आंबा घाटाने कोकणात गूळ आणि भाजीपाला नेणाऱ्या पिकअपवाल्यांमध्ये ही समजूत चांगलीच रुजली आहे. या व्यवसायातील एक जण म्हणून त्याविषयी थोडे सविस्तर लिहितो.

डिझेल जळून निर्माण होणाऱ्या उष्णतेपैकी ढोबळमानाने पाव ते एक तृतीयांश भाग कुलंटमधून, म्हणजे इंजिनात फिरणाऱ्या थंड करणाऱ्या द्रवातून, रेडिएटरकडे जातो आणि तिथून हवेत सोडला जातो. इंजिनच्या बाहेरच्या अंगाला वारा लागून जी उष्णता जाते, ती त्या मानाने फारच थोडी असते. मोटारसायकलच्या हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाला बाहेरून पातळ पाती दिलेली असतात ती याचसाठी, की वाऱ्याला भिडणारे क्षेत्रफळ वाढावे. पिकअपच्या इंजिनाच्या ओतीव लोखंडी सांगाड्याला, म्हणजे ब्लॉकला, तशी पाती नसतात. म्हणून स्कूपमधून आलेला वारा ब्लॉकवरून फिरला, तरी रेडिएटरचे काम तो करू शकत नाही.

शिवाय हा वारा रेडिएटरच्या मागच्या बाजूला शिरतो, ही गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. जाळीतून आलेली हवा रेडिएटर ओलांडून मागे जाते ती पुढचा दाब जास्त आणि मागचा कमी असतो म्हणून, आणि मग ती गाडीच्या पोटाखालून निघून जाते. बॉनेटला पुढे तोंड असलेले भोक पाडले की वेगात इंजिनच्या खोलीत जादा हवा भरते, तिथला दाब वाढतो आणि रेडिएटरमधून येणाऱ्या हवेलाच अडथळा होण्याची शक्यता निर्माण होते. मागचे दार बंद असलेल्या घरात पुढच्या खिडक्या वाढवून वारा खेळत नाही, तसाच हा प्रकार आहे. काही जण बॉनेटच्या बिजागरीखाली वायसर घालून मागची कड उचलतात. पण काचेच्या पायथ्याशी गाडी वेगात असताना हवेचा दाब जास्त असतो, त्यामुळे तिथूनही हवा बाहेर पडण्याऐवजी आत येते, आणि गाडी उभी असताना इंजिनचा वास केबिनमध्ये येतो तो वेगळाच.

आता घाटाचे पाहू, कारण तक्रार तिथलीच असते. ताशी 80 किलोमीटर वेगाला समोरच्या वाऱ्याचा दाब सुमारे 300 पास्कल, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या जेमतेम 0.3 टक्के असतो. हा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो, त्यामुळे भरलेली गाडी ताशी 20 ने दुसऱ्या गिअरमध्ये चढत असेल, तर तो सोळाव्या हिश्श्यावर येतो. म्हणजे जिथे गाडी गरम होते, नेमक्या तिथे स्कूपमध्ये वारा जवळजवळ शिरतच नाही. तिथे रेडिएटरमधून हवा ओढण्याचे काम फॅनलाच करावे लागते.

तरीही ‘स्कूप उघडल्यावर तापमानाचा काटा खाली आला’ असे सांगणारे भेटतात. त्यांच्या प्रामाणिकपणाविषयी मला शंका नाही. मात्र रेडिएटरकडे जाणारे कुलंट सोडणारी झडप, म्हणजे थर्मोस्टॅट, साधारण 82 ते 90 अंशांच्या दरम्यान उघडू लागतो आणि कुलंट त्याहून फार थंड होऊ देत नाही. त्यामुळे ज्या गाडीची कूलिंग व्यवस्था धड आहे, तिचा काटा बॉनेट उघडून चालवली तरी जवळजवळ तिथेच राहायला हवा. तो खाली आला असेल, तर भार कमी होता, हवा गार होती किंवा त्याच खेपेला कुलंट भरले गेले होते, यांपैकी काहीतरी घडलेले असते. (थर्मोस्टॅटच काढून टाकण्याचा सल्ला देणारे मिस्त्री आपल्याकडे आहेत, तो स्वतंत्र पत्राचा विषय आहे.)

स्कूप सर्वस्वी निरुपयोगी असतो असे मात्र म्हणता येणार नाही. टोयोटा फॉर्च्युनरच्या सुरुवातीच्या तीन लिटर डिझेल मॉडेलमध्ये बॉनेटवरचा स्कूप खरोखर कामाचा होता, कारण त्याच्या बरोबर खाली इंटरकूलर (टर्बोने दाबून इंजिनात पाठवलेली हवा गार करणारी जाळी) बसवलेला होता आणि सगळा वारा त्याच्यातूनच जाईल अशी वाट आखलेली होती. टर्बोतून दाबून निघालेल्या हवेचे तापमान शंभर अंशांच्याही वर जाऊ शकते आणि ती हवा गार करणे हे त्या स्कूपचे काम होते. कुलंट गार करणे नव्हे. तसेच चढ चढून थांबलेल्या गाडीतली कोंडलेली गरम हवा उघड्या स्कूपमधून वर निघून जाते, त्यामुळे वायरिंग आणि रबरी पाइपांना थोडा दिलासा मिळतो. एवढा फायदा मान्य करायला हवा.

त्यासाठी मोजावी लागणारी किंमत मात्र आपल्या जिल्ह्यात जास्त आहे. जूनपासून गगनबावड्याचा पाऊस त्या भोकातून थेट अल्टरनेटर, फ्यूज बॉक्स आणि वायरिंगच्या जोडांवर पडतो. बॉनेटच्या आतल्या बाजूच्या पट्ट्या अपघातात ते ठरावीक जागी दुमडावे अशा बेताने दिलेल्या असतात. ग्राइंडर लावून त्याच कापल्या जातात.

खरे दुखणे बहुधा फार साधे निघते. उसाच्या हंगामात पाचटाचा भुसा आणि रस्त्याची धूळ एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत जाऊन बसते. समोरून पाहणाऱ्याला ती दिसत नाही. कंडेन्सर सैल करून, इंजिनच्या बाजूने बाहेरच्या दिशेला, पाती वाकणार नाहीत इतक्याच जोराने पाणी मारले की अनेक गाड्यांची तक्रार संपते. अपघाताच्या दुरुस्तीत फॅनभोवतीचे प्लॅस्टिकचे कडे काढून फेकलेले असेल, तर फॅन रेडिएटरमधून हवा ओढण्याऐवजी तीच तीच हवा घुसळत राहतो. आतल्या दाट तेलाच्या पकडीवर फिरणाऱ्या विस्कस फॅनचे तेल गळाले असेल, तर तो तापल्यावरही पुरेसा फिरत नाही. रेडिएटरचे झाकण साधारण एक बार दाब धरत असेल, तर नुसते पाणीही 120 अंशांच्या आसपासपर्यंत उकळत नाही. रबर गेलेले झाकण हा आधार काढून घेते, आणि ते बदलायला बॉनेट कापण्याच्या मजुरीपेक्षा पुष्कळ कमी खर्च येतो.

ज्यांनी स्कूप आधीच उघडला आहे, त्यांनी निदान त्याखाली पाणी बाजूला नेणारी पन्हळ आणि तोंडाला जाळी बसवून घ्यावी, आणि पावसाळ्याचे चार महिने ते तोंड झाकून ठेवावे.

आपला विश्वासू,
एक वाचक, शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर