काका, ती किल्ली तुम्ही तिच्या हातात दिलीत

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

माझ्या मुलीचं रॉकेट उडालं त्या रविवारी शेतावर आभार मानायला आले, तर "अगं, आभार कसले, पोरीला आधी काहीतरी खायला दे" म्हणून तुम्ही मला वाटेला लावलंत. म्हणून आज सगळ्यांसमोर लिहितेय. तुम्हाला आवडणार नाही हे माहीत आहे, पण मला राहवत नाहीये.

माझी मुलगी चौथीत आहे. उन्हाळ्यात इथे ओहायोतच एका शिबिरात तिनं पहिलं मॉडेल रॉकेट, म्हणजे खरंखुरं उडणारं छोटं रॉकेट, केलं. केलं म्हणजे रंगवलं. फिन, म्हणजे शेपटीचे पंख, शिबिरवाल्यांनीच चिकटवले, कारण मुलांकडून वाकडे लागतात आणि वेळ जातो. उडवायच्या दिवशी लाँचरची, म्हणजे रॉकेट पेटवायच्या बटणपेटीची, किल्ली गळ्यात अडकवलेले एक गृहस्थ रांगेतल्या प्रत्येक मुलाला "चला, पुढचा, पुढचा" करत होते. हिचं रॉकेट वर गेलं आणि तसंच नाकावर खाली आलं. पॅराशूट आतल्या आत वितळून त्याचा गोळा झाला होता. मोटर, म्हणजे रॉकेट उडवणारी दारूची नळी, आणि पॅराशूट यांच्यामध्ये सहज न जळणाऱ्या कागदाचे बोळे घालायचे असतात, ते घाईघाईत कुणी घातलेच नव्हते. "असं का झालं?" असं तिनं विचारलं. "होतं असं कधीकधी," एवढंच उत्तर मिळालं. मला अजून राग येतो तो त्या उत्तराचा. कारण होतं, अगदी साधं होतं, नऊ वर्षांच्या मुलीला सहज कळलं असतं. तिला ते सांगावं असं तिथे कुणालाच वाटलं नाही.

वाढदिवसाला मिळालेला एस्टीस कंपनीचा अल्फा नावाचा रॉकेटचा किट त्यानंतर खोक्यातच पडून राहिला. मी काढला की ती म्हणायची, "नंतर."

मग मंडळाच्या गणपतीत तुम्ही भेटलात. ती चौथीत आहे, तिला रॉकेटं आवडतात, असं मी सांगितलं. अशा वेळी मोठी माणसं "मग काय, नासात जाणार का?" असं विचारतात आणि वळून दुसऱ्याशी बोलू लागतात. तुम्ही प्रसादाचं ताट खाली ठेवलंत आणि तिला विचारलंत, "अल्फाचे फिन बाल्साच्या हलक्या लाकडाचे असतात. लाकडाच्या रेषा कुठल्या बाजूनं ठेवणार आहेस?" तिला माहीत नव्हतं. "मग घरी जाऊन बघ आणि मला सांग," म्हणालात. त्या रात्री खोकं उघडलं गेलं. रेषा फिनच्या पुढच्या कडेला समांतर हव्यात, नाहीतर फिन मोडतो, हे तिनं स्वतः वाकवून पाहून शोधलं आणि दुसऱ्या दिवशी तुम्हाला फोन केला.

त्यानंतर तुमच्या गॅरेजमध्ये काय काय झालं ते सगळं लिहीत बसत नाही. एक फिन वाकडा लागला तेव्हा तुमचे हात टेबलाखालीच राहिले, हे मी पाहिलं. मोटरवर छापलेलं ए८-३ तुम्ही तिला वाचायला शिकवलंत, आणि तिनं ते लातूरला आजीला फोनवर म्हणून दाखवलं: अक्षर म्हणजे एकूण जोर, आठ म्हणजे सरासरी रेटा न्यूटनमध्ये, तीन म्हणजे मोटर विझल्यावर किती सेकंदांनी पॅराशूट बाहेर पडणार. आजी म्हणाली, "म्हणजे दिवाळीचा बाणच की गं." तर ही म्हणाली, "नाही आजी, बाण परत येत नाही."

आता त्या दिवसाबद्दल. सोयाबीन काढून मोकळं झालेलं शेत, लातूरच्या माणसाला परकं न वाटणारं. मागे मुलांची रांग होती, आईबाप होते. हिनं पाच, चार, तीन, दोन, एक म्हणून बटण दाबलं आणि काहीच झालं नाही. तिनं माझ्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर मला ते शिबिर दिसलं. रांगेतून कुणीतरी म्हणालं, "द्या, मी बघतो पटकन." तुम्ही त्यांच्याकडे वळलाही नाहीत. बटण दाबूनही रॉकेट पेटलं नाही तर किल्ली काढून पूर्ण एक मिनिट थांबायचं असतं. तेवढं तुम्ही तिच्या शेजारी उभे राहिलात. मग लाँचरमधून काढलेली ती छोटी किल्ली तिच्या तळहातावर ठेवलीत आणि तिची बोटं मिटलीत.

"ही तुझ्याकडे आहे तोवर कुणीही बटण दाबू शकत नाही. मीसुद्धा नाही. जा, सावकाश बघ."

काका, "मीसुद्धा नाही" हे दोन शब्द माझ्या मनातून जात नाहीत. किल्लीशिवाय तारेतून वीज जात नाही, ही झाली सुरक्षेची गोष्ट. पण एवढ्या मोठ्यांच्या गर्दीत, सगळ्यांची घाई थांबवण्याचा अधिकार तिच्या मुठीत आहे, हे तिला कुणीतरी पहिल्यांदाच सांगत होतं. ती चालत गेली, धावली नाही. मोटर पेटवणाऱ्या इग्नायटरच्या दोन तारांना लावलेल्या क्लिपा एकमेकींना टेकल्या होत्या, त्यामुळे वीज भलतीकडूनच फिरून जात होती. ते तिलाच सापडलं. तिनं क्लिपा दूर केल्या, पुन्हा एकदा वाकून पाहिलं आणि मूठ तशीच घट्ट ठेवून परत आली. या वेळी रॉकेट गेलं. पॅराशूट उघडलं.

घरी आल्यावर मी या छंदाबद्दल वाचत बसले. १९५७ मध्ये स्पुटनिक गेल्यावर अमेरिकेतली मुलं नळ्यांमध्ये दारू ठासून स्वतःची रॉकेटं करायला लागली आणि कितीतरी जण भाजले, काही दगावले. मोठ्यांना सरळ बंदी घालता आली असती, तशी मागणीही होती. पण नेब्रास्कातल्या नॉरफोक गावचा बुटांचा दुकानदार ऑर्व्हिल कार्लाइल आणि व्हाइट सँड्सच्या क्षेपणास्त्र-चाचणी तळावर काम केलेला अभियंता जी. हॅरी स्टाइन यांनी तयार मोटर, विजेनं दुरून पेटवणं, हलकं कागदी शरीर असा रस्ता काढला. मुलांनी उडवावं आणि धडही राहावं. मला ते वाचताना तुमचीच आठवण येत होती. मुलांना बाजूला सारण्यापेक्षा त्यांना सांभाळून पुढे जाऊ देणं याला वेळ लागतो, आणि जगात असा वेळ देणारी माणसं आहेत म्हणून आमच्यासारखे आईबाप परक्या देशात तग धरतात. तुमच्या गॅरेजमधला उजेड उशिरापर्यंत चालू ठेवणाऱ्या काकूंनाही माझा नमस्कार सांगा.

आता एक काम. तिला पुढच्या वेळी ए८-३ ऐवजी बी६-४ लावायचं आहे, म्हणजे जोर साधारण दुप्पट. वाऱ्यानं रॉकेट शेताबाहेर जाईल म्हणून पॅराशूटच्या मधोमध भोक पाडावं असं तिच्या मनात आहे, पण मग ते वेगानं उतरून फिन मोडतील का, असा तिचा प्रश्न आहे. भोक केवढं पाडायचं हे मला सांगू नका. शनिवारी तिलाच फोन करा, ती दहानंतर घरी असते.

तुमची,
तिची आई