सुन्या, तुझ्या काइटवाल्यांबद्दल

आम्स्तेलफेन, मंगळवार रात्र

प्रिय सुन्या,

तब्येती ठीक. माझा गुडघा कुरकुरतो, मीनाची शुगर आटोक्यात आहे. झालं. आता मुद्द्यावर येतो, कारण हे घरात कुणाला कळत नाही आणि इथे कुणाजवळ बोलायची सोय नाही. शनिवारी वर्कमला, त्या तळ्यावर, आमच्या ऋत्विजच्या काइटच्या, म्हणजे त्याला फळीवरून ओढणाऱ्या त्या मोठ्या पतंगाच्या, दोऱ्या एका विंडसर्फरच्या मास्टमध्ये, शिडाच्या डोलकाठीत, अडकल्या.

कुणाला लागलेलं नाही, हे आधीच सांगतो, नाहीतर तू अर्ध्यातच फोन उचलशील. आणि दात काढू नकोस. पाण्यावर वाट कुणाची, तुम्हा काइटवाल्यांची की आम्हा विंडसर्फवाल्यांची, यावरून गोव्यात मोरजीच्या शॅकमध्ये आपण बिलं येईपर्यंत भांडायचो, ते प्रकरण माझ्या घरात येऊन बसलंय.

ती जागा तुला आठवत असेल. अफ्स्लाउटडाइकच्या ३२ किलोमीटरांवरून जाताना तू मला विचारलं होतंस, एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला तळं, मग वारा कुणाच्या मालकीचा? १९३२ मध्ये बांध पुरा झाला तोवर तोही समुद्रच होता; आता आयसलमेर, गोडं पाणी, आणि वर्कमला ते किनाऱ्यापासून कितीतरी आतपर्यंत जेमतेम कमरेएवढं. म्हणून नवशिके तिथेच, गुडघे गेलेले आमच्यासारखे तिथेच, काइटवाले तिथेच, आणि हल्ली ते हातात फुगवलेला पंख धरणारे विंगवालेही तिथेच.

शनिवारी वारा नैऋत्येचा, जोर पाच बोफर्ट. किनाऱ्यावर पाण्याकडे तोंड करून उभं राहिलं तर डावीकडून येणारा. मी ५.३ चौरस मीटरचं शीड लावून बाहेर होतो, ऋत्विजने ९ चौरस मीटरची काइट काढली होती. तो किनाऱ्यावरून आत निघालेला, आणि समोरून एक डच आजोबा विंडसर्फवर परत येत होते. आता तू तिथे बसून लगेच निकाल देणार, म्हणून जरा सावकाश वाच.

आजोबांचा उजवा हात पुढे होता. ‘उजवा हात पुढे, त्याचा हक्क आधी’ हे दोना पावलाला मास्तरांनी आपल्या बोटांवर फटके मारून शिकवलंय, झोपेतही विसरणार नाही. म्हणजे वाट आजोबांची. पण ऋत्विज काय म्हणतो? किनाऱ्यावरून निघणाऱ्याला येणाऱ्याने वाट द्यायची. काइट शिकवणारे हेच सांगतात, आणि तूही मला हेच सांगितलं होतंस, की उथळ पाण्यात डोक्यावर काइट घेऊन निघालेला माणूस सगळ्यांत अडचणीत असतो, त्याला थांबता येत नाही आणि मागेही जाता येत नाही. म्हणजे वाट ऋत्विजची. दोघंही आपापल्या पुस्तकाप्रमाणे बरोबर होते, त्यामुळे दोघंही वळले नाहीत.

अगदी जवळ आल्यावर आजोबांनी शीड पुढे कलवलं आणि बोर्ड वाऱ्याच्या खालच्या अंगाला, वारा जातो तिकडे, वळवला. कुठल्याही विंडसर्फरने तेच केलं असतं. पण त्याच अंगाला ऋत्विजची काइट, जोर मिळावा म्हणून पाण्यापासून जरा वर, घड्याळात दहा वाजतात तिथे धरलेली. दोऱ्या २२ मीटर, मास्ट साडेचार मीटर. दोघं समोरासमोरून जाताना वाऱ्याच्या वरच्या अंगाला असलेल्याने काइट वर न्यायची, खालच्याने खाली ठेवायची. वरचा ऋत्विज होता. त्याने ती डोक्यावर नेली असती तर आजोबा शेजारून आरामात निघून गेले असते. तो मात्र ‘वाट माझी’ म्हणून तशीच ठेवून गेला.

सुन्या, आवाज काहीच झाला नाही. मास्टचं टोक दोऱ्यांत शिरलं, एक दोरी शिडावरून घसरत खाली आली, आजोबांनी बूम, शिडाचा हातातला दांडा, सोडली आणि पाठीवर पडले. ऋत्विजने रिलीज ओढून काइटचा जोर काढला, मग तिला अंगाशी बांधणारी लीशही सोडली. त्याचे मार्क मी त्याला दिले, कारण त्या वेळी हात काइटच्या दांड्याला, बारला, चिकटून बसतात हे तूच मला सांगितलंयस. काइट वाहत जाऊन बोरूच्या बेटात अडकली. तिच्यावर ना नाव ना फोन! रिकामी काइट तरंगताना कुणी पाहिली असती आणि बचावबोट बोलावली असती, तर ते बिचारे स्वयंसेवक अंधार पडेपर्यंत नसलेला माणूस शोधत बसले असते. तुझ्या काइटवर नंबर आहे का? खोटं बोलू नकोस.

नंतर आम्ही गवतावर शीड पसरून पाहिलं. पारदर्शक खिडकीच्या वरच्या कोपऱ्यापासून बूमपर्यंत चीर, पट्टी ठेवून कापावी तशी सरळ. कडांना बोट लावलं तर त्या थोड्या वितळून टणक झालेल्या. आपल्याकडे संक्रांतीच्या मांज्याने स्कूटरवाल्यांचे गळे कापतात ना, तसली दोरी ही. आणि चीर नेमकी खिडकीला! शिडामुळे खालच्या अंगाचं काही दिसत नाही म्हणून तर ती खिडकी असते. आजोबांनी तिच्यातून बघितलं होतं का, हे मी त्यांना विचारलं नाही. त्यांनी थर्मासमधली कॉफी मला दिली, ऋत्विजला दिली नाही.

इथवर ठीक होतं. शीड भरून द्यायचं, सॉरी म्हणायचं, संपलं. पण रविवारपासून आमच्या विंडसर्फवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आग लागलीय. यांना काइटवाल्यांना तिथून हलवायचंय. आणि इथे ते सोपं आहे, कारण या मोठ्या पाण्यांवर काइटला मुळात बंदीच असते, नेमून दिलेल्या पट्ट्यात तेवढी परवानगी. पट्टा रद्द करा असं अर्ज टाकून मागता येतं. आणि तो अर्ज कोण लिहिणार? मी! का, तर म्हणे ‘तू दोन्ही बाजू ओळखतोस.’ घरात मी विंडसर्फरांचा वकील, ग्रुपवर काइटवाल्याचा बाप. ऋत्विज माझ्याशी मोजून बोलतोय. काल जेवताना म्हणाला, ‘तुला तर आम्ही नकोच आहोत, बाबा.’ ‘आम्ही’ म्हणे! गेल्या उन्हाळ्यापर्यंत माझंच जुनं शीड ओढत होता कार्टा.

(मीनाचं मत विचारशील तर दोघांनीही बुद्धिबळ खेळावं.)

माझं खरं मत तुला एकट्याला सांगतो, ग्रुपवर बोललो तर मला फळीसकट बुडवतील. विंडसर्फवाल्याला शीड सोडलं की जागच्या जागी थांबता येतं. काइटवाल्याची ताकद त्याच्यापासून वीस मीटर लांब हवेत टांगलेली, ती अशी खाली ठेवता येत नाही. तेव्हा किनाऱ्याजवळ, जिथे पाणी कमरेएवढं आहे, तिथे आम्ही थांबावं, उजवा हात पुढे असो की डावा. पण तिथून बाहेर पडल्यावर उजव्या हाताचा नियम चालावा आणि काइटवाल्यांनी आमच्या डोक्यावरून उड्या मारू नयेत. खालच्या अंगाला ५० मीटर मोकळं असल्याशिवाय उडी नाही, हे त्यांच्याच शिकवणुकीत आहे ना? मग आमची शिडं बघितली की ते कसं विसरतात? तू तर मोरजीला माझ्यावरून उडून जाऊन वर हात हलवला होतास. ते मी विसरलेलो नाही, आणि त्या दिवशीची बिअर तू अजून पाजलेली नाहीस.

आणि काइट लावण्याची जागा. आमच्या वरच्या अंगाला गवतावर दोऱ्या पसरतात, त्यावरून पोरं, कुत्री, आम्ही बोर्ड घेऊन ये-जा करतो. एखादी काइट सुटली की थेट आमच्यातच येणार. त्यांनी आमच्या खालच्या अंगाला जाऊन लावावी. शंभर पावलं चालायची आहेत, हिमालय चढायचा नाही. काइट उतरली की दोऱ्या लगेच गुंडाळाव्यात. एवढंच लिहून पाठवावं आणि पट्टा रद्द करायची मागणी खोडावी, असं मला वाटतं. ग्रुपला हे फार मवाळ वाटेल. एकाने आत्ताच लिहिलंय की ‘हे ऑलिंपिकमध्ये गेले आणि डोक्यावर बसले.’ १९८४ पासून आम्ही तिथे होतो, तुम्ही २०२४ ला मार्सेयला पोचलात, आणि त्या रात्री तू मला नुसतं ‘आता बोल’ असं पाठवलं होतंस. तेव्हा त्याचं दुःख मला समजतं.

चिन्मयीच्या ॲडमिशनचं काय झालं? गोव्यातच ठेव, पुण्याचं भाडं परवडत नाही म्हणतात. छपराचं काम पावसाआधी उरकलंस का? वहिनींना माझ्या वतीने काय सांगायचं ते तू ठरव. मोरजीला या वर्षी कासवांसाठी किती किनारा दोरी लावून बंद केला होता? तिथे बरे मुकाट्याने वळसा घालता.

आता काम ऐक. तू ऋत्विजला फोन कर. मी सांगितलं म्हणून नको. सहज कर, काइटबद्दल विचार, तो स्वतःहून सांगेल. सांगितलं की त्याला एवढंच विचार, आजोबा खालच्या अंगाला वळले तेव्हा काइट कुठे होती. सुनीलकाकाने विचारलं तर तो उत्तर देईल. मी विचारलं तर दार आपटेल. वाट कुणाची होती त्यावर मात्र एक शब्द बोलू नकोस, नाहीतर तुम्ही दोघं मिळून माझ्यावर उलटाल. गुरुवारच्या आत कर, शुक्रवारी संध्याकाळी ग्रुपची बैठक आहे आणि अर्ज अजून कोरा आहे. तुमच्या रात्री साडेदहाला कर, तेव्हा इथे सात वाजलेले असतात आणि तो जेवायच्या आधी खोलीत असतो.

आणि काइटवर नंबर लिही.

तुझा,
बाळ्या